दवाखान्यात केव्हा जायचं, हे कोण ठरवणार?

मधुमेह घरात जुना झाला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जरा काही वाटलं की दवाखाना गाठावा. दुसरा म्हणतो, इतकी वर्षं सांभाळलाय, आता काय होतंय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, प्रमाण ११.४ टक्के. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या रो-हाउसात, गुलमंडीमागच्या वाड्यांत, किराडपुऱ्यात, वाळूजच्या कामगार वसाहतीत हा वाद रोज कुठे ना कुठे चालू असणारच. आणि तो बहुधा रात्री उशिरा चालतो, नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झाल्यावर.

तो वाद इथे एका मामा-भाचीच्या तोंडून मांडतो आहे. मामा चिकलठाणा एमआयडीसीतल्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, मधुमेह वीस वर्षांचा. भाची रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात परिचारिका. मामांची बाजू मी कमकुवत करून मांडलेली नाही, कारण ती निष्काळजी माणसाची बाजू नाही. नेमाने वागणाऱ्या माणसाची आहे, आणि म्हणूनच ती जास्त लोकांना पटते.

मामा : वीस वर्षं झाली मला शुगर निघून. गोळी वेळेवर, सकाळी सलीम अली सरोवरापर्यंत चालणं, गोड म्हणशील तर सणाला एक इमरती. माझं शरीर मला कळतं. वाढली की तोंडाला कोरड पडते, उतरली की हात थरथरतात. मग उठसूट दवाखाना कशाला? गेलं की ॲडमिट व्हा म्हणतात, सलाईन लावतात, दहा तपासण्या काढतात, आणि सकाळी सांगतात, काळजीचं काही नाही.

भाची : निम्मं तुमचं खरं आहे, मामा. नुसता आकडा बघून घाबरून येणारी माणसं आम्हीही बघतो. लग्नात जेवले, रात्री शुगर २६० निघाली, दुसरा काही त्रास नाही, तरी बारा वाजता कॅज्युअल्टीत हजर. अशा वेळी पाणी प्यावं, गोळी चुकली का ते बघावं, सकाळी परत तपासावं. दोन-तीन दिवस तशीच राहिली तर ओपीडीला यावं. आणि सत्तरीच्या माणसाने तिशीतल्यासारखी कडक शुगर ठेवावी असं आता डॉक्टरही म्हणत नाहीत. वय, हृदय, किडनी बघून तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा थोडा सैल ठेवतात. फार आवळायला गेलं की शुगर एकदम घसरते, आणि या वयात ते जास्त वाईट.

मामा : मग तू माझ्याच बाजूची झालीस की.

भाची : नाही झाले. ‘माझं शरीर मला कळतं’ हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. मधुमेह जुना झाला की तो आधी हे कळणंच काढून घेतो. कारखान्यात एखाद्या भट्टीचा तापमानाचा काटा अडकलाय हे माहीत असताना, काटा हलला नाही म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून तुम्ही शिफ्ट चालू ठेवली असती का?

मामा : नसती ठेवली. मेंटेनन्सला बोलावलं असतं.

भाची : मग इथे का ठेवता?

या वादात दोघे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, एवढं इथे सांगायला हवं. मामांची वीस वर्षांची शिस्त खरी आहे. पण वर्षानुवर्षं रक्तात जादा राहिलेली साखर नसांना इजा करते, हेही तितकंच खरं. पायाच्या नसा बधिर होतात. हृदयाकडून वेदनेचा निरोप आणणाऱ्या नसा मंदावतात. शुगर घसरल्यावर छाती धडधडवून, हात थरथरवून इशारा देणारी यंत्रणा थकते. वारंवार शुगर लो होणाऱ्यांमध्ये ती आणखी लवकर थकते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या ही धडधड दाबून टाकतात. मग माणूस थरथर न होता थेट गोंधळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो.

मामी (स्वयंपाकघरातून) : परवा दुपारी तुम्ही भाजीवाल्याशी उगाच भांडलात ना, तेव्हा अंगाला हात लावला तर गार घाम होता. मी साखरपाणी दिलं, दहा मिनिटांत माणसात आलात. तुम्हाला यातलं काही आठवत नाही.

मामा : त्या दिवशी ऊन होतं.

भाची : मीटर लावलं असतं तर ऊन होतं की शुगर, ते कळलं असतं. ७० च्या खाली आली की लो समजायची, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. शुद्धीत असलेल्या, नीट गिळता येणाऱ्या माणसाला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं. पेढा नाही, चॉकलेट नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच द्यायचं. वर आली की पोळी-भात काहीतरी खायला द्यायचं. इथवर सगळं घरचं काम आहे, त्याला दवाखाना लागत नाही.

मामा : बघ, लागत नाही.

भाची : इथवर. आता पुढचं ऐका. दोनदा साखर देऊनही वर येत नसेल तर निघायचं. माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील तर तोंडात साखर, पाणी काही घालायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. आणि तुमच्यासाठी तिसरी गोष्ट. तुमची गोळी ग्लिमेपिराइडची आहे. ती स्वादुपिंडाला तासन् तास इन्सुलिन सोडायला लावते. जेवण चुकलं, वय झालेलं, किडनी थोडी मंद, असं जमून आलं की साखरपाण्याने वर आलेली शुगर चार-सहा तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते, कदाचित झोपेतच. म्हणून या गोळीवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाची शुगर फार खाली गेली, तर बरं वाटायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. कधी कधी एक रात्र ठेवूनही घेतात. सलाईन लावली म्हणून तुम्ही रागावता, पण या प्रकारात ती रात्रच माणसाला वाचवते.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग जे बोलले ते मला या सगळ्या बोलण्यात सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

मामा : खरं सांगू का, पोरी? पैशाची भीती आहेच. आत गेलं की डिपॉझिट विचारतात. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला उठवू? पोरगा पुण्यात. शेजारच्याला सकाळची शिफ्ट, त्याचा खाडा झाला तर त्याचा पगार कापतात. आणि एवढं करून गेल्यावर ‘काही नाही, गॅस आहे’ म्हणाले तर मग तोंड कुठे लपवायचं?

हा संकोच आपल्याकडे फार खोल आहे. कुणाला त्रास नको, चारचौघांत हसं नको, म्हणून छातीतली कळ ओवा आणि सोड्यावर पहाटेपर्यंत काढणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत. भाचीने त्यावर मामांना उपदेश केला नाही. तिने कामाची गोष्ट सांगितली.

भाची : ‘गॅस आहे’ हे ईसीजी काढल्यावर ऐकायला मिळालं तर ते चांगलं उत्तर आहे, मामा. त्यात लाज कसली? मधुमेह्याला हार्ट अटॅक येतो तेव्हा छातीत सिनेमासारखी कळ येईलच असं नाही. नुसता दम लागतो, दरदरून घाम फुटतो, मळमळतं, जबडा किंवा डावा हात दुखतो, जिना चढताना कधी नव्हे एवढा थकवा येतो. घाम लोनेही येतो आणि हृदयानेही येतो. म्हणून घाम फुटला की मीटर लावायचं. ते एका मिनिटाचं काम आहे. शुगर कमी असेल तर साखर. शुगर ठीक असेल आणि घाम, दम थांबत नसेल, तर मग ओव्याची वाट बघायची नाही. छातीवर दडपण असेल तर मीटर शोधण्यातही वेळ घालवायचा नाही. आणि रिक्षा शोधत खाली रस्त्यावर उभं राहायचं नाही, जिने उतरायचे नाहीत. १०८ ला पैसे पडत नाहीत. २०१४ पासून ही सेवा राज्यभर चालू आहे आणि गाडीत डॉक्टर असतो.

मामा : आणि तोंड वाकडं झालं तर?

भाची : तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक झालं तरी लगेच. शुगर लो झाल्यावरही हुबेहूब असं दिसू शकतं, म्हणून मीटर हाताशी असेल तर लावा, पण निघणं थांबवू नका. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ‘झोपून उठल्यावर बरं वाटेल’ म्हणून तो वेळ घालवला की पुढे डॉक्टरांच्या हातात फारसं राहत नाही. आणि निघताना लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

शुगर वाढल्यावरचं बोलणं दोघांमध्ये लवकर मिटलं, कारण तिथे मामांचा अनुभव कामी आला. आकडा एकटा फार काही सांगत नाही, सोबत काय आहे ते बघावं, हे त्यांना आधीच पटलेलं होतं. शुगर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, पोटदुखी, खोल भरभर श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, सुस्ती, यातलं काही असेल तर तातडीने रुग्णालय. मीटरवर आकड्याऐवजी ‘हाय’ दिसलं तरी तेच. वयस्कर माणूस जुलाब-उलट्यांनी कोरडा पडला, ग्लानीत गेला, तर शुगर सहाशेच्या पुढेही गेलेली असू शकते. एक अपवाद मात्र भाचीने ठासून सांगितला. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या आता स्वस्त झाल्यात आणि पुष्कळ जण घेतात. त्या चालू असताना उलट्या किंवा उपास घडला, तर शुगर दोनशेच्या आसपास असूनही रक्तात आम्ल साठू शकतं. म्हणून उलट्या सुरू होताच ही गोळी थांबवायची का हे डॉक्टरांना विचारावं, आणि कॅज्युअल्टीत गेल्यावर गोळीचं नाव आधी सांगावं. इन्सुलिन मात्र ‘जेवला नाही’ म्हणून मनाने बंद करायचं नाही. लहान मुलांमध्ये ही चूक जिवावर बेतते. या शहरात टाइप १ मधुमेहाच्या मुलांसाठी डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था काम करते. अशा मुलांच्या घरी इन्सुलिनचा डोस न चुकवणं हा पहिला धडा असतो. ज्याचा मधुमेह अजून ओळखलेलाच नाही असं मूल अचानक वाळत चाललं, सारखं पाणी पितं, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, पोट दुखतं म्हणतं, तर जंत झाले असतील म्हणून थांबू नये. त्याच दिवशी शुगर तपासावी.

खरा अडला तो पाय.

मामा : श्रावणात मी भद्रा मारुतीला चालत जातोच. शुक्रवारी रात्री निघायचं, पडेगाव, मिटमिटा, दौलताबादचा घाट, पहाटे खुलताबाद. अनवाणी. त्यात तू बोलू नको.

भाची : चालण्यावर बोलत नाही, अनवाणी चालण्यावर बोलते. मागच्या श्रावणात आल्यावर तुमच्या तळव्याला फोड होता.

मामा : फोड होता, पण दुखत नव्हता. चार दिवसांत सुकला.

भाची : दुखत नव्हता हेच तर मला नको होतं! पंचवीसेक किलोमीटर डांबर आणि खडी तुडवून तळव्याला फोड आला आणि तो दुखत नाही, म्हणजे तिथली नस काम करत नाही. ज्याला दुखतं तो लंगडतो, पाय वर घेतो, मलम लावतो. तुम्ही त्याच फोडावर रोज सरोवरापर्यंत जाऊन आलात. सुकला हे नशीब. ज्यांचा सुकत नाही त्यांचं आधी बोट जातं, मग पाऊल, आणि ती माणसं येतात तेव्हा एकच सांगतात, ‘दुखत नव्हतं म्हणून आलो नाही.’

मामा : मग किती दिवस थांबायचं?

भाची : थांबायचंच नाही. मधुमेह्याच्या पावलावर नवी जखम, फोड, चीर दिसली की एक-दोन दिवसांत दाखवायची, दुखो न दुखो. भोवती लाली पसरतेय, पू आहे, वास येतोय, बोट काळं-निळं पडलंय, ताप आलाय, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. आणि एक प्रकार लोकांना माहीतच नसतो. काही लागलेलं नसताना एक पाऊल गरम, लाल, सुजलेलं. माणूस म्हणतो मुरगळलं असेल, आणि चोळून घेतो. आत हाडं ठिसूळ होऊन मोडत असतात. त्यावर चालणं चालू ठेवलं की पावलाचा आकार कायमचा बिघडतो. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घ्यायची नाही. रोज रात्री मामी तळवे बघतील. तुम्हाला वाकता येत नसेल तर आरसा धरा.

इथे माझं मत मांडतो. श्रद्धेला धक्का लागेल म्हणून डॉक्टर आणि घरचे या विषयावर बोलायचं टाळतात, आणि त्या मौनाची किंमत पाय भरतो. जुन्या मधुमेह्याने देवाला जरूर जावं, पण पायात मऊ मोजे आणि बंद बूट घालून जावं. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला जाणाऱ्यांनाही हेच सांगेन. रमजानबद्दल तर जगभरच्या मधुमेहतज्ज्ञांचं आणि धर्माभ्यासकांचं बोलणं होऊन स्पष्ट मार्गदर्शन तयार झालेलं आहे. बोट टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. आणि महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांकडून गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा बदलून घ्याव्यात. एकादशीला सकाळची गोळी घेऊन दिवसभर निरंकार राहणाऱ्या आपल्या आयांनाही एवढंच नेमकं कुणीतरी सांगायला हवं.

मामा : तू सगळं भीतीचंच सांगतेस.

भाची : भीतीचं नाही, वेळेचं. २०२१ च्या उन्हाळ्यात आठवतं? कोरोनातून उठलेले मधुमेही. स्टेरॉइडने शुगर चढलेली. एका बाजूचा गाल दुखतो, दात हलतो, नाकातून काळसर पाणी येतं. काहींनी दाताचं दुखणं समजून आठवडा काढला. काळी बुरशी एका आठवड्यात नाकातून डोळ्यापर्यंत जाते. ज्या घरात कुणीतरी म्हणालं, ‘याला शुगर आहे, आपण आजच दाखवू’, त्या घरातल्या माणसाचा डोळा वाचण्याची शक्यता जास्त होती. आजार तोच, औषधही तेच, फरक दिवसांचा होता. डोळ्याचं एरवीही तसंच आहे. अचानक धूसर दिसलं, काळे ठिपके तरंगले, पडदा ओढल्यासारखं झालं, तर चष्म्याचा नंबर काढायला जाऊ नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

मामा : ठीक आहे. पण रात्री दोन वाजता ठरवायचं कुणी? मी गोंधळलेला असेन तर मला कुठून कळणार?

भाची : म्हणून तर तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही. आज, शांत डोक्याने, तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवून ठेवायचं. आणि ते मामींना पाठ पाहिजे. त्या वेळी तुम्ही ‘मला काही झालं नाही’ म्हणालात तरी मामींनी ऐकायचं नाही.

मामी : मी तर आजवर ऐकतच आले.

भाची : यापुढे नका ऐकू.

मामा पूर्ण बदलले, असं मी लिहिणार नाही. खुलताबादची वारी ते सोडणार नाहीत. बूट घालतील, पण देवळाच्या पायरीला काढतील. भाचीने तेवढं मान्य केलं. रिपोर्ट घेऊन महिन्याला तज्ज्ञाकडे जाणं त्यांना अजूनही जास्तच वाटतं, आणि स्थिर शुगर असलेल्या माणसासाठी तीन महिन्यांनी एक फेरी आणि वर्षातून एकदा डोळे, लघवीतलं प्रथिन, किडनी आणि पाय तपासून घेणं पुरतं, असं भाचीनेही सांगितलं. रात्री कुणाला उठवायचं हा प्रश्न मात्र मिटला. शेजाऱ्याच्या खाड्याची काळजी करायची नाही, १०८ लावायचा.

ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांना एक विनंती. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाल तेव्हा रुग्णासोबत घरचं आणखी एक माणूस घेऊन जा आणि तीन गोष्टी विचारून केसपेपरच्या मागे लिहून घ्या. शुगर किती खाली आणि किती वर गेल्यावर आम्ही निघायचं? ताप, उलट्या किंवा उपास असेल तेव्हा यातली कोणती गोळी थांबवायची आणि कोणती अजिबात थांबवायची नाही? रात्री निघावं लागलं तर कोणत्या रुग्णालयात जायचं? डॉक्टरांना ही उत्तरं द्यायला पाच मिनिटं लागतात, आणि ती विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.